पेनिसिलीन आणि परिचारिकेचे घड्याळ
१९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती-इंदापूरचा रुग्ण असो वा मुंबईचा, नुसती कुपी हाती येऊन भागत नसे. साधे पेनिसिलीन काही तासांतच मूत्रावाटे निघून जाते. म्हणून दर तीन-चार तासांनी, मध्यरात्रीही, सुई टोचावी लागे. काचेची सिरिंज प्रत्येक वेळी उकळायची. दिवसातून एकदा पुरणाऱ्या प्रोकेन पेनिसिलीनने हा फेरा कमी केला. भय मात्र उरले. ‘हे औषध पूर्वी बाधले होते काय?’ एवढे विचारायचे राहिले, तर क्वचित काही मिनिटांत श्वास कोंडून रुग्ण दगावतो. म्हणूनच ॲड्रेनलीन हाताशी ठेवून, टोचल्यावर अर्धा तास परिचारिका आजही रुग्णावर लक्ष ठेवते.