गुण कोणाच्या आजारावरून ठरले?

हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागले, की डाव्या कप्प्याला लागून असलेल्या छोट्या पिशवीत रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत पोचली तर पक्षाघात होतो. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या या विकारात रक्त पातळ करणारी गोळी कोणाला द्यायची, हे आज डॉक्टर गुणांची बेरीज करून ठरवतात. ही रीत जेमतेम पाव शतकाची आहे. तिचा इतिहास तपासला तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या रुग्णांवरून हे गुण बेतले, त्यांच्याबाबत ते उपयोगी पडतात. ज्यांना त्या मोजणीत घेतलेच नव्हते, त्यांच्याबद्दल त्यांना काहीही सांगता येत नाही. आणि भारतातल्या रुग्णांचा मोठा वाटा या दुसऱ्या गटात मोडतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम गावात 1948 साली रहिवाशांच्या हृदयाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. तोवर या विकारातला पक्षाघात हा मुख्यतः ऱ्हुमॅटिक तापाने झडपा खराब झालेल्यांचा धोका मानला जाई. झडपा ठीक असतील तर थरथर फारशी मनावर घेत नसत. 1978 मध्ये फिलिप वुल्फ आणि सहकाऱ्यांनी याच गावाच्या नोंदींवरून दाखवले, की ऱ्हुमॅटिक रुग्णांत पक्षाघाताचा धोका 17 पटींहून अधिक वाढतो, पण झडपा निरोगी असलेल्यांतही तो 5 पटींहून अधिक असतो. या दुसऱ्या आकड्याने पुढचे संशोधन घडवले. 1989 पासून युरोप-अमेरिकेत वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या चाचण्या झाल्या. 1994 मध्ये त्यांपैकी पाच एकत्र तपासल्या, तेव्हा पक्षाघाताचे वार्षिक प्रमाण 4.5 टक्क्यांवरून 1.4 टक्क्यांवर आलेले दिसले. या चाचण्या ऱ्हुमॅटिक नसलेल्या रुग्णांसाठी होत्या. ऱ्हुमॅटिक रुग्णाला औषध लागतेच, मग त्याची चाचणी कशाला, हा विचार त्या काळी रास्तच होता. पण 17 पटींचा पहिला आकडा त्यामुळे मागे पडला.

2001 मध्ये ब्रायन गेज यांच्या गटाने या अभ्यासांतून ‘चॅड्स-टू’ हे कोष्टक तयार केले. हृदय निकामी होणे, उच्च रक्तदाब, 75 किंवा अधिक वय आणि मधुमेह यांना प्रत्येकी 1 गुण, आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर 2. ते पारखले गेले 65 ते 95 वयाच्या 1,733 अमेरिकन रुग्णांवर. शून्य गुणांना वर्षाला 1.9 टक्के धोका, 6 गुणांना 18.2 टक्के. मात्र 6 गुण मिळालेले रुग्ण होते अवघे पाच! 2010 मध्ये ग्रेगरी लिप आणि सहकाऱ्यांनी 65 ते 74 हे वय, रक्तवाहिन्यांचा विकार आणि स्त्री असणे यांची भर घालून ‘व्हॅस्क’ ही आवृत्ती आणली. स्त्रीत्वाचा तो गुण युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी 2024 मध्ये काढूनही टाकला.

इतके ढोबळ आणि सतत बदलणारे साधन वापरावे तरी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. कोणत्या रुग्णाला पक्षाघात होईल आणि कोणाला नाही, हे वेगळे करण्यात हे गुण खरोखरच सामान्य आहेत. तरीही मी त्यांच्या बाजूने आहे. रक्तस्रावाच्या भीतीने वृद्धांना वॉरफरिनऐवजी ॲस्पिरिन देण्याची सवय रुळलेली होती. बर्मिंगहॅममधल्या 2007 च्या चाचणीत 75 वर्षांवरील रुग्णांत वॉरफरिनवर वर्षाला 1.8 टक्के, तर ॲस्पिरिनवर 3.8 टक्के गंभीर घटना घडल्या, आणि मोठा रक्तस्राव वॉरफरिनने विशेष वाढला नाही. वय वाढते तशी औषधाची गरजही वाढते, हे साध्या दवाखान्यातही बोटांवर मोजता येईल असे या गुणांनीच करून दिले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मायट्रल झडप बरीच अरुंद असेल तर गुण न मोजता औषध द्यावे, असे मार्गदर्शक सूचनाच सांगतात. मग उणीव उरते कुठे? उणीव उरते ती झडप तपासलीच जात नाही तिथे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत या विकाराच्या भारतीय रुग्णांपैकी 31.5 टक्क्यांना ऱ्हुमॅटिक हृदयरोग होता; उत्तर अमेरिकेत 2.2 टक्क्यांना. या रोग्यांवरची ‘इन्व्हिक्टस’ ही मोठी चाचणी आली थेट 2022 मध्ये. तिच्यातल्या सुमारे 4,500 रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होते आणि बहुसंख्य स्त्रिया होत्या. रिव्हारोक्सॅबान या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या जातीची जुनी औषधे घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. पन्नाशीच्या अशा बाईला बीपी नाही, मधुमेह नाही, तर नव्या कोष्टकात तिला शून्य गुण मिळतात. झडप न पाहता तो शून्य वाचणारा डॉक्टर तिला औषधाविना घरी पाठवील. म्हणून आपल्याकडे या विकाराच्या प्रत्येक रुग्णाची झडपा दाखवणारी टूडी इको तपासणी आधी व्हावी आणि गुणांची बेरीज त्यानंतर.