प्रजातींचे संकटवर्गीकरण

एखादी प्रजाती पृथ्वीवरून नाहीशी होण्याचा संभव किती, हे ठरलेल्या निकषांवर तपासून तिला वर्ग देण्याची पद्धत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची (आययूसीएन) लाल यादी हे तिचे सर्वाधिक मान्यता पावलेले रूप होय. संघाची स्थापना 1948 साली फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे झाली. लाल यादीचा आरंभ 1964 पासून धरतात. प्रारंभी तज्ज्ञांच्या मतावरून वर्ग ठरत. जॉर्जिना मेस व रसेल लँड यांनी 1991 मध्ये मोजता येतील असे निकष सुचवले. त्यांवर आधारलेली पद्धत संघाने 1994 मध्ये स्वीकारली. 2001 साली प्रसिद्ध झालेली 3.1 ही आवृत्ती सध्या वापरात आहे.

वर्ग व निकष : विलुप्त, वन्य अवस्थेत विलुप्त, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटसमीप, चिंतामुक्त, अपुरी माहिती आणि अमूल्यांकित असे नऊ वर्ग आहेत. ‘धोक्यातील प्रजाती’ म्हणताना यांतील अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त व असुरक्षित एवढे तीनच वर्ग अभिप्रेत असतात. निकष पाच : संख्येतील घट, आढळक्षेत्राचा आकार, लहान व घटती संख्या, अतिशय लहान संख्या आणि विलोपाच्या संभाव्यतेचे गणित. यांपैकी कोणताही एक लागू पडला तरी वर्ग मिळतो, आणि ज्याने सर्वांत गंभीर वर्ग मिळेल तो निकष ग्राह्य धरतात. 10 वर्षे किंवा तीन पिढ्या, यांतील जो काळ मोठा त्यात संख्या 80 टक्के वा अधिक घटली तर प्रजाती अतिसंकटग्रस्त ठरते. 50 टक्क्यांना संकटग्रस्त, 30 टक्क्यांना असुरक्षित. घटीचे कारण समजलेले असून ते थांबले असेल, तर या मर्यादा शिथिल होतात. प्रजननक्षम जीव 50 पेक्षा कमी उरले असतील, तर घट चालू नसली तरी प्रजाती अतिसंकटग्रस्त होते.

यावरून दिसते की दुर्मीळ असणे आणि धोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड 1980 च्या दशकात जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वाधिक संख्येने होते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे 2004 मध्ये सिद्ध झाले. त्याआधीच, 2000 साली, ही प्रजाती अतिसंकटग्रस्त ठरली होती. भारतात हे औषध गुरांसाठी 2006 मध्ये बंद करण्यात आले. 1992 ते 2007 या काळात भारतातील या गिधाडांची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली. तरीही तेव्हा सुमारे 11,000 पक्षी उरल्याचा अंदाज होता. याउलट रानपिंगळा या घुबडाचे प्रौढ पक्षी 1,000 हून कमी असल्याचे मानतात आणि तो त्याहून सौम्य अशा संकटग्रस्त वर्गात आहे.

रानपिंगळा : माहितीच्या अभावी वर्गीकरण कसे अडते, याचे हे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण. ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या घुबडाचे वर्णन केले. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले; 1884 नंतर खात्रीचा नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेत मिळाल्याचे सांगितलेला नमुना प्रत्यक्षात डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेला होता, हे पुढे उघड झाले. त्याच्या खोट्या चिठ्ठीवर विसंबून केलेले शोध भलत्या जागी गेले. विज्ञानाशी झालेल्या या प्रतारणेची किंमत एका पक्ष्याला कित्येक दशकांच्या विस्मृतीने मोजावी लागली. पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी जुने नमुने व नोंदी पडताळून नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ (तेव्हा धुळे, आता नंदुरबार जिल्हा) हा पक्षी पुन्हा शोधला. त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि 2014 मध्ये तानसा अभयारण्यातही तो आढळला. 2018 मध्ये त्याचा वर्ग अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्त झाला. पक्षी वाढले म्हणून हा बदल झाला असे नव्हे. आढळाची ठिकाणे अधिक कळली, हे त्याचे मुख्य कारण. सागाची जंगले तोडून शेती होत असल्याने त्याचा अधिवास आजही आक्रसतो आहे.

इतर पक्षी : माळढोक 2011 मध्ये, तर तणमोर 2021 मध्ये अतिसंकटग्रस्त वर्गात गेला. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत 1979 मध्ये स्थापन झालेले माळढोक अभयारण्य सुमारे 8,496 चौ. किमी. होते, पुढे ते सुमारे 1,222 चौ. किमी. करण्यात आले.

सस्तन प्राणी : हिमबिबट्याचा वर्ग 2017 मध्ये संकटग्रस्तवरून असुरक्षित करण्यात आला, त्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

वनस्पती : भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 1987 ते 1990 या काळात रेड डेटा बुकचे तीन खंड काढले. जुन्नर परिसरातून वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी वर्णिलेली शिंदळ माकुडी ही सह्याद्रीच्या कड्यांवरील प्रदेशनिष्ठ वनस्पती.

कीटक व बुरशी : मूल्यांकन अत्यल्प.

व्याप्ती : 2024 अखेर 1,66,000 हून अधिक प्रजातींचे मूल्यांकन झाले होते व त्यांपैकी 46,000 हून अधिक धोक्यात होत्या. पक्ष्यांच्या सर्व ज्ञात प्रजाती अनेकदा तपासल्या गेल्या आहेत, तसे अन्य फार थोड्या गटांबाबत म्हणता येते. उभयचरांच्या सुमारे 41 टक्के प्रजाती धोक्यात आहेत. अमूल्यांकित म्हणजे सुरक्षित असा अर्थ घेऊ नये.

भारतीय कायदा : लाल यादीला स्वतःचे कायदेशीर बळ नाही. भारतात संरक्षण मिळते ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूचींमुळे. 2022 च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार झाल्या. त्यांतील क्रम लाल यादीशी जुळतोच असे नाही : मोर लाल यादीत चिंतामुक्त आहे आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.