रूबी स्लिपर्स

रूबी स्लिपर्स (माणिकरंगी पादत्राणे) ही मेट्रो-गोल्डविन-मेयर (एमजीएम) या अमेरिकन चित्रपटसंस्थेच्या *द विझार्ड ऑफ ऑझ* (१९३९) या अद्भुतरम्य संगीतपटात अभिनेत्री ज्युडी गार्लंड हिने डोरोथीच्या भूमिकेत वापरलेली लाल टिकल्यांची पादत्राणे होत. चित्रीकरणासाठी त्यांच्या अनेक जोड्या बनविण्यात आल्या होत्या. त्यांपैकी चार जोड्या आज ज्ञात आहेत. एक जोडी वॉशिंग्टन, डी.सी. येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात १९७९ पासून असून ती तेथील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये गणली जाते. दुसऱ्या एका जोडीची २००५ मध्ये चोरी झाली. तेरा वर्षांनी ती सापडली आणि २०२४ मध्ये लिलावात तिला २ कोटी ८० लाख डॉलरची बोली मिळाली.

चित्रपटातील वेशभूषा व सामग्री ही काही आठवड्यांच्या वापरासाठी बनविलेली असते. तिला संग्रहालयीन वस्तूचा दर्जा मिळाल्यावर तिचे जतन, सुरक्षा, अस्सलपणा आणि किंमत यांविषयी जे प्रश्न निर्माण होतात, ते या पादत्राणांच्या इतिहासातून विशेष स्पष्टपणे दिसतात.

कथेतील स्थान

हा चित्रपट एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० साली प्रसिद्ध झालेल्या *द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ* या बालकादंबरीवर आधारलेला आहे. कॅन्सस राज्यात राहणारी डोरोथी वावटळीत घरासह उडून ऑझ या अद्भुत देशात जाऊन पडते. तिचे घर पूर्वेकडील दुष्ट चेटकिणीवर कोसळते आणि त्या चेटकिणीची जादूची पादत्राणे डोरोथीला मिळतात. पश्चिमेकडील चेटकीण ती बळकावू पाहते, हा कथेतील मुख्य संघर्ष होय. टाचा तीन वेळा एकमेकींवर आपटल्या की घरी परतता येते, हे रहस्य डोरोथीला शेवटी कळते. जे साधन ती सर्वत्र शोधत होती, ते प्रवासभर तिच्याच पायांत होते.

मूळ कादंबरीतील पादत्राणे चांदीची आहेत. परतीच्या वाटेवर ती डोरोथीच्या पायांतून निसटून वाळवंटात पडतात व कायमची हरवतात. पटकथाकार नोएल लँगली यांनी पटकथेत चांदीऐवजी माणकाचा उल्लेख केला. हा बदल रंगीत छायाचित्रणासाठी होता. चित्रपटाचा कॅन्ससमधील भाग एकरंगी असून ऑझमध्ये पाऊल पडताच पडदा रंगांनी भरून जातो. पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चंदेरी पादत्राणांपेक्षा लाल पादत्राणे अधिक उठून दिसणार होती. कादंबरीचे स्वामित्वहक्क पुढे संपुष्टात आले, मात्र लाल पादत्राणे ही चित्रपटाची स्वतंत्र निर्मिती असल्याने त्यांचा हक्क चित्रपटसंस्थेकडेच राहिला. त्यामुळे डिस्नी कंपनीला *रिटर्न टू ऑझ* (१९८५) या चित्रपटात ती दाखविण्यासाठी शुल्क द्यावे लागले.

रचना व निर्मिती

पादत्राणांची रचना एमजीएमचे मुख्य वेशभूषाकार गिल्बर्ट ॲड्रियन यांनी केली. प्रारंभी वळलेल्या टोकांची, पौर्वात्य धाटणीची एक जोडी चाचणीसाठी तयार करण्यात आली होती. कॅन्ससच्या शेतावरील साध्या मुलीला ती शोभणार नाही म्हणून तो नमुना बाजूला ठेवण्यात आला. ही चाचणीची जोडी पुढे अभिनेत्री डेबी रेनॉल्ड्स यांच्या संग्रहात होती व २०११ मध्ये तिचा लिलाव झाला.

अंतिम नमुन्यासाठी लॉस एंजेलिस येथील इन्स शू कंपनीचे तयार रेशमी जोडे घेण्यात आले. ते लाल रंगवून त्यांवर टिकल्या शिवलेले जाळीदार कापड बसविण्यात आले. प्रत्येक जोड्यावर दोन हजारांहून अधिक टिकल्या आहेत. पुढच्या बाजूस मणी व चौकोनी काचेचे खडे जडविलेला बो आहे. नावात माणिक असले तरी त्यांत एकही रत्न नाही.

टिकल्यांचा प्रत्यक्ष रंग पडद्यावर दिसतो त्याहून गडद आहे. तेव्हाच्या टेक्निकलर पद्धतीत कॅमेऱ्यातून एकाच वेळी तीन फिती चालत व त्यांवरून रंग पुन्हा साकारला जाई. या प्रक्रियेत उजळ लाल रंग नारिंगीकडे झुकत असल्याने गडद छटा निवडली गेली, असे सांगितले जाते. नृत्याच्या वेळी पावलांचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून काही जोड्यांच्या तळव्यांना नमद्याचे तुकडे चिकटविण्यात आले. स्मिथसोनियनमधील जोडीचे तळवे असे मढविलेले असून त्यांची झीजही दिसते. यावरून ती नृत्यप्रसंगांत वापरली गेली असावी, असा निष्कर्ष निघतो.

चित्रपटानंतर

त्या काळी चित्रपट पूर्ण झाल्यावर वेशभूषा कोठारात जात असे आणि गरजेप्रमाणे पुन्हा वापरली जात असे. तिला ऐतिहासिक मूल्य आहे, ही कल्पना रूढ नव्हती. रूबी स्लिपर्सची एक जोडी १९४० मध्ये एका स्पर्धेचे बक्षीस म्हणून देण्यात आली. इतर जोड्या एमजीएमच्या कोठारात पडून होत्या.

मधल्या काळात दूरचित्रवाणीमुळे चित्रपटाचा प्रेक्षक अनेक पटींनी वाढला. १९५६ मध्ये तो अमेरिकेत प्रथम दूरचित्रवाणीवर दाखविला गेला आणि १९५९ पासून त्याचे वार्षिक प्रक्षेपण सुरू झाले. अनेक कुटुंबांत तो दरवर्षी एकत्र बसून पाहण्याचा प्रघात पडला. त्यामुळे एका पिढीच्या बालपणाशी ही पादत्राणे जोडली गेली.

१९७० मध्ये एमजीएमने आपली जुनी सामग्री लिलावात काढली. त्या वेळी वेशभूषा विभागातील केंट वॉर्नर यांना कोठारात काही जोड्या सापडल्या. त्यांपैकी एकच लिलावात मांडली गेली व १५,००० डॉलरना विकली गेली. वॉर्नर यांच्याकडील जोड्या पुढे खासगी संग्राहकांकडे गेल्या. लिलावातील जोडीच १९७९ मध्ये एका अनामिक दात्याने स्मिथसोनियनला दिली, असे मानले जाते.

ज्ञात जोड्या

* स्मिथसोनियनची जोडी: राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालय, वॉशिंग्टन, डी.सी. येथे प्रदर्शित.
* अकादमीची जोडी: टाचा आपटण्याच्या निकटदृश्यासाठी वापरली गेली असावी असे मानली जाणारी, सर्वांत सुस्थितीतील जोडी. अभिनेता लिओनार्डो डिकॅप्रिओ, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग व अन्य देणगीदारांच्या साहाय्याने २०१२ मध्ये ती लॉस एंजेलिसच्या अकादमी चित्रपट संग्रहालयासाठी घेण्यात आली. हे संग्रहालय २०२१ मध्ये खुले झाले.
* बक्षिसाची जोडी: १९४० च्या स्पर्धेतील जोडी. १९८८ मध्ये ती १,६५,००० डॉलरना व २००० मध्ये ६,६६,००० डॉलरना विकली गेली.
* चोरीस गेलेली जोडी: संग्राहक मायकेल शॉ यांच्याकडील जोडी (पाहा: चोरी व शोध).

संग्रहालयातील दालन

राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालय वॉशिंग्टनमधील कॉन्स्टिट्यूशन ॲव्हेन्यूवर आहे. प्रवेश विनामूल्य असून ते २५ डिसेंबर वगळता वर्षभर खुले असते. रूबी स्लिपर्स पूर्वीपासून इतक्या लोकप्रिय आहेत की त्यांच्या पेटीसमोरचा गालिचा गर्दीने झिजून अनेकदा बदलावा लागला, असे सांगितले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये संग्रहालयाने अमेरिकन मनोरंजनाच्या इतिहासावरील 'एंटरटेनमेंट नेशन' हे दालन सुरू केले व या पादत्राणांचा त्यात समावेश केला. *रिटर्न ऑफ द जेडाय* या *स्टार वॉर्स* मालिकेतील चित्रपटामधील सी-थ्रीपीओ व आर२-डी२ यांचे पोशाखही संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. *विझार्ड ऑफ ऑझ* मधील बुजगावण्याचा पोशाख अभिनेते रे बोल्जर यांच्या पत्नीने १९८७ मध्ये संग्रहालयाला दिला.

पडद्यावरील झगमगाट मनात ठेवून येणाऱ्या प्रेक्षकाला पेटीतील मंद प्रकाश अनपेक्षित वाटतो. हा मंदपणा हेतुपुरस्सर आहे. चित्रीकरणाच्या वेळी प्रखर दिव्यांखाली ज्या टिकल्या चमकल्या, त्यांचा रंग प्रकाशानेच उडतो, आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. वस्तू लोकांना दाखविणे आणि ती पुढील पिढ्यांसाठी राखणे ही संग्रहालयाची दोन्ही कर्तव्ये येथे परस्परविरोधी ठरतात. दिव्यांची तीव्रता ठरविणे ही त्यांमधील तडजोड होय.

जतनकार्य

ऑक्टोबर २०१६ मध्ये स्मिथसोनियनने या जोडीच्या जतनासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणीचे आवाहन केले. ३ लाख डॉलरचे उद्दिष्ट सुमारे आठवड्याभरात पूर्ण झाले आणि मोहीम संपेपर्यंत सहा हजारांहून अधिक व्यक्तींनी हातभार लावला. बुजगावण्याच्या पोशाखासाठीही पुढील टप्प्यात निधी मागण्यात आला. शासकीय अनुदान मिळणाऱ्या संस्थेला वर्गणी का मागावी लागते, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. अनुदान मुख्यतः इमारती, कर्मचारी व संग्रहाच्या सांभाळावर खर्च होते, विशेष प्रकल्पांसाठी देणग्यांवर अवलंबून राहावे लागते, असे संस्थेचे उत्तर होते.

एप्रिल २०१७ मध्ये जोडी प्रदर्शनातून काढून प्रयोगशाळेत नेण्यात आली. जतनतज्ज्ञ डॉन वॉलेस यांनी तिच्यावर दोनशेहून अधिक तास काम केले. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने व सौम्य शोषणयंत्राने प्रत्येक टिकलीवरील धूळ काढण्यात आली. उलट्या फिरलेल्या टिकल्या सरळ करण्यात आल्या आणि सुटलेले धागे स्थिर करण्यात आले. नव्या टिकल्या लावून जोडी नव्यासारखी करणे हा हेतू नव्हता. वापराच्या खुणा हाही इतिहासाचाच भाग असल्याने आहे ते टिकविणे, हे आधुनिक जतनशास्त्राचे तत्त्व येथे पाळण्यात आले.

रासायनिक परीक्षणात टिकल्यांचा गाभा जिलेटिनचा, वरचा थर सेल्युलोज नायट्रेटचा आणि रंग रोडामाइन-बी या रंजकाचा असल्याचे आढळले. जिलेटिन ओलाव्याने मऊ पडते, सेल्युलोज नायट्रेट कालांतराने विघटित होते आणि रंजक प्रकाशाने फिकट होतो. रेशीम, चामडे, सुती जाळी, काच व नमदा यांचे स्वभावही भिन्न आहेत. एका पदार्थाला मानवणारी आर्द्रता दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते. त्यामुळे प्रकाश व आर्द्रता नियंत्रित ठेवणारी नवी पेटी तयार करण्यात आली. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी पादत्राणे पुन्हा प्रदर्शनात आली.

चोरी व शोध

मिनेसोटा राज्यातील ग्रँड रॅपिड्स हे ज्युडी गार्लंड हिचे जन्मगाव आहे. तेथील तिच्या नावाच्या संग्रहालयात मायकेल शॉ यांची जोडी तात्पुरत्या प्रदर्शनासाठी आली होती. २७–२८ ऑगस्ट २००५ च्या रात्री दाराची काच व आतील पेटी फोडून ती पळविण्यात आली. मागे एकच लाल टिकली उरली. जोडीचा विमा १० लाख डॉलरचा होता. अनेक वर्षे काहीही धागा हाती लागला नाही.

२०१७ मध्ये एका व्यक्तीने पादत्राणे परत मिळवून देण्याच्या बहाण्याने विमा कंपनीकडून अधिक पैसे उकळण्याचा प्रयत्न केला. त्यावरून एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेने जुलै २०१८ मध्ये मिनीॲपोलिस येथे सापळा रचून जोडी हस्तगत केली. तिचा अस्सलपणा तपासण्यासाठी ती स्मिथसोनियनकडे नेण्यात आली. त्यांची स्वतःची जोडी तेव्हा प्रयोगशाळेतच असल्याने दोहोंची तुलना शक्य झाली. बांधणी, पदार्थ आणि जुन्या दुरुस्तीत वापरलेले, लाल रंगविलेले काचेचे पारदर्शक मणी दोन्हीकडे सारखेच आढळले. याच तपासणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. दोन्ही जोड्यांतील डावा व उजवा जोडा परस्परांशी जुळत नव्हता, मात्र एका जोडीतील जोडा दुसऱ्या जोडीतील जोड्याशी जुळत होता. पूर्वी केव्हातरी त्यांची अदलाबदल झाली होती.

२०२३ मध्ये मिनेसोटातील एका वृद्ध माजी गुन्हेगाराने चोरीची कबुली दिली. पादत्राणांवर खरी माणके असतील, अशी त्याची समजूत होती. खडे काचेचे आहेत हे चोरीचा माल घेणाऱ्याकडून कळताच त्याने जोडी दुसऱ्याच्या हवाली केली. आजारपणामुळे त्याला जानेवारी २०२४ मध्ये कारावासाची शिक्षा झाली नाही.

जोडी शॉ यांना परत मिळाल्यानंतर ७ डिसेंबर २०२४ रोजी डॅलस येथील हेरिटेज ऑक्शन्सने तिचा लिलाव केला. ती जन्मगावी परत आणण्यासाठी ग्रँड रॅपिड्सच्या संग्रहालयाने निधी जमविला होता व मिनेसोटा राज्यानेही १ लाख डॉलर दिले होते. प्रत्यक्ष बोली २ कोटी ८० लाख डॉलरवर गेली. शुल्कासह ही रक्कम ३ कोटी २५ लाख डॉलर झाली. चित्रपटसामग्रीला मिळालेली ही तोपर्यंतची सर्वोच्च किंमत होती.

महत्त्व

वापरलेल्या पदार्थांच्या दृष्टीने पाहता ही पादत्राणे स्वस्त आहेत. रेशमी जोडे, टिकल्या, काच व नमदा यांपलीकडे त्यांत काही नाही. त्यांचे मूल्य कथेतून आणि त्या कथेभोवती जमलेल्या सामूहिक स्मृतीतून आले आहे. रत्नांसाठी केलेली चोरी फसली, पण रत्ने नसतानाही त्यांना रत्नांहून अधिक किंमत आली, यातून हेच सिद्ध होते. मात्र वाढत्या किमतीमुळे अशा वस्तू सार्वजनिक संग्रहालयांच्या आवाक्याबाहेर जात आहेत. १९७९ मधील अनामिक देणगीमुळे एक जोडी आज कोणालाही विनामूल्य पाहता येते, हे या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे ठरते.

हे सुद्धा पाहा

* द विझार्ड ऑफ ऑझ (१९३९ चित्रपट)
* ज्युडी गार्लंड
* टेक्निकलर
* स्मिथसोनियन संस्था