सोडतीचा पैसा आणि मुंबईचा टाउन हॉल

फोर्टात हॉर्निमन सर्कलसमोर ज्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढून अभ्यासक एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात प्रवेश करतात, त्या वास्तूच्या पायाभरणीत सोडतीच्या तिकिटांचा पैसा आहे, हे प्रत्येक मुंबईकराने ध्यानी ठेवावे. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापिलेल्या, एशियाटिक सोसायटीचे पूर्वरूप असलेल्या लिटररी सोसायटीच्या पुढाकाराने नगरास शोभेल अशा सभागृहाची कल्पना पुढे आली, तेव्हा केवळ कंपनी सरकारच्या खजिन्याकडे न पाहता सोडती काढून निधी उभारण्याचा मार्ग पत्करला गेला. तिकीट घेणाऱ्यास बक्षिसाची आशा आणि बक्षिसे वाटून राहिलेली शिल्लक इमारतीस, असा तो व्यवहार होता. परंतु कर्नल टॉमस कूपर यांनी आखलेल्या त्या भव्य स्तंभयुक्त वास्तूचा खर्च एवढ्या रकमेत भागेना. अखेर आपल्या कचेऱ्यांना तीत जागा मिळावी या अटीवर सरकारने उरलेला भार उचलला आणि १८३३ साली काम पूर्णत्वास गेले. लोकांच्या आशेतून कार्याचा आरंभ होतो, सिद्धीस मात्र स्थिर द्रव्यबळ लागते.

पुढे १८४४ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात सरकारी मंजुरीवाचून सोडत काढण्यास मनाई झाली आणि १८७० साली दंडविधानात सोडतींसंबंधीचे कलम २९४-अ दाखल झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई कायद्याने सोडती सर्वसाधारणपणे बेकायदा ठरविल्या. तथापि मनोरंजनाच्या कार्यक्रमास जोडून काढलेल्या सोडतींना अटींवर मुभा ठेवली. १९६९ साली तर महाराष्ट्र शासनाने स्वतःचीच राज्य लॉटरी सुरू केली. ज्या साधनाला सरकारने निषिद्ध मानले, त्याचाच आश्रय सरकारने घ्यावा, यावरून साधनापेक्षा त्याचा विनियोग निर्णायक ठरतो, हे दिसून येते.

गिरगावच्या चाळींपासून लालबाग-परळच्या मंडळांपर्यंत सार्वजनिक कार्याचा मूलाधार वर्गणी हाच राहिला आहे. सोडत तिच्या जोडीला येते. जे मंडळ चिठ्ठी सर्वांसमक्ष काढते आणि तिकिटांचा जमाखर्च फलकावर लावते, ते लोकांचा विश्वास कमावते. आणि जे तो दडविते, त्याची सोडत, कार्य कितीही पुण्याचे असो, जुगाराच्याच पंक्तीस बसते.