संधिवात आणि मन : १९५० ते २००७

मागच्या वेळी आपण आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, औषधांपर्यंत आलो होतो. आज मनाकडे येऊ. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. या आजाराच्या इतिहासात मन प्रथम आलं ते आरोपी म्हणून.

शिकागोत फ्रांझ अलेक्झांडर नावाचे मनोविश्लेषक होते. १९५० साली त्यांचं ‘सायकोसोमॅटिक मेडिसिन’ हे पुस्तक आलं. दमा, पोटातला अल्सर अशा सात आजारांची मुळं त्यांनी मनातल्या संघर्षात शोधली. त्यात आमवातही होता. दाबून ठेवलेला राग सांध्यांत उतरतो, असं त्याचं थोडक्यात सार. आता विचार करा, सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, चहाच्या कपाचा कान धरवत नाही, आणि वर डॉक्टर सुचवतात की बाई, तुमचा स्वभावच याला कारण! आपल्याकडेही ‘मनात कुढते, म्हणून सांधे धरले’ हे कानावर येतंच की.

गंमत अशी, की त्याच १९५० साली फिलिप हेंच यांना आणखी दोघांसह नोबेल मिळालं. १९४८च्या सप्टेंबरात मेयो क्लिनिकमध्ये, धड हलताही न येणाऱ्या एका तरुण स्त्रीला त्यांनी कॉर्टिसोन दिलं आणि आठवड्याच्या आत ती चालत बाहेर पडली. दुष्परिणाम पुढे कळले, ते आपण पाहिलंय. पण सूज उतरली ती रसायनानं. आरोप ढिला पडायला लागला.

मन परत आलं ते वेगळ्या वाटेनं. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. श्वासाकडे लक्ष, आडवं पडून सगळं शरीर मनानं न्याहाळणं, हलकी योगासनं. बौद्ध ध्यान आणि आपला हठयोग, फक्त धर्माची भाषा बाजूला ठेवून.

२००७ मध्ये मेरीलँडच्या संशोधकांनी ही पद्धत आमवाताच्या ६३ रुग्णांवर तपासली. सहा महिन्यांनी वर्गातल्या लोकांचा मानसिक त्रास सुमारे ३५ टक्क्यांनी घटला होता. आजाराचा जोर मात्र तसाच. काहींना हा निकाल फिका वाटतो. आम्हाला तो प्रामाणिक वाटतो. जगणं हलकं झालं, आणि त्यासाठी कुणी रुग्णाच्या माथी खापर फोडलं नाही.

आणि हो, त्या सगळ्यांचे नेहमीचे सांध्यांचे उपचार चालूच होते. ‘योग सुरू केला, मेथोट्रेक्सेट सोडलं’ असं भाषणानंतर येऊन सांगणारे भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.