दहा भाग पाणी

बाबांना डायबेटिस निघाल्यापासून आमच्याकडे एक वाद ठरलेला. "साखर कधीच सोडली रे मी, नुसता भात तर खातो!" असं म्हणत ते आणखी एक वाढी घेतात. त्यांना पटेल असं उत्तर शोधायला शनिवारी वाचत बसलो आणि पोचलो थेट नेपोलियनपर्यंत.

तर झालं असं, की १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडच्या मालाला युरोपची दारं बंद केली. उसाची साखर यायची बोटीने, ती आटली. तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये गॉटलिब किर्कहोफ नावाचा एक औषधं बनवणारा रसायनतज्ज्ञ होता. (ज्याच्या सर्किटच्या नियमांनी आपल्याला छळलं तो किर्कहोफ हा नव्हे. तो जन्मला १८२४ ला.) याला खरं तर डिंकाला पर्याय हवा होता म्हणे. १८११ मध्ये त्याने स्टार्च पाण्यात कालवला, थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून उकळत ठेवला, मग खडूची पूड टाकून ॲसिड काढलं, गाळलं, आटवलं. हाती आला गोड पाक!

सगळं श्रेय अर्थातच ॲसिडला. पण ॲसिड घातलं होतं तेवढंच शेवटी शिल्लक राहत होतं. मग स्टार्चमध्ये बदललं काय?

हा बग पकडला जिनिव्हाच्या थिओडोर द सोस्यूरने, पुढच्या तीन-चार वर्षांत. हत्यार काय, तर तराजू! १०० भाग स्टार्चची साखर झाली सुमारे ११० भाग. हे वरचे दहा आले कुठून? भांड्यात उरलं होतं फक्त पाणी. ज्याला सगळे नुसतं उकळायचं माध्यम समजत होते, तेच साखरेत जाऊन बसलं होतं.

आज आपल्याला रेणू माहीत आहेत. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबलचक माळ. माळेतल्या प्रत्येक मण्याचं वजन १६२, पाण्याचं १८. जोड तुटतो तिथे पाण्याचा एक रेणू दुभंगतो, हायड्रोजन एका तुकड्याला, उरलेला ओएच दुसऱ्याला. झाले १८०. म्हणजे १०० चे १११. अणूचं वजनसुद्धा धड ठरलं नव्हतं त्या काळात माणूस इतका जवळ पोचला, मला तर हेवा वाटतो! यालाच हायड्रॉलिसिस म्हणतात. ॲसिड फक्त घाई करतं. आपल्या तोंडात तेच काम लाळेतलं अमायलेज करतं, म्हणून भाताचा घास खूप वेळ चावला की गोडसर लागतो.

आणि १८१५ मध्ये शेवरलने दाखवलं, की मधुमेह्याच्या लघवीतली साखर द्राक्षातल्या साखरेसारखीच असते. स्टार्चपासून होते तीही हीच.

हे सगळं रविवारी जेवताना बाबांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे दोष पाण्याचा. आता काय पाणी पण सोडू?"

भात मात्र निम्मा ठेवला.