वारा पाहून पाठ

मुळशीला निघताना आमच्या घरातून स्वेटर, छत्री आणि ओव्याची पुडी असा जय्यत बंदोबस्त झाला होता. मी पाण्यात पडेन हे मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. मी तर भाच्याचा 'विंडसर्फिंग' नावाचा उद्योग काठावरून पाहायला चाललो होतो.

हा उद्योग म्हणजे फळीवर उभं राहून शीड हातांनी पेलायचं. होडीची डोलकाठी पक्की रोवलेली असते. इथली एका सांध्यावर वाटेल तिकडे कलंडते. कल्पना कोणाची, यावरून केवढी भांडणं! अमेरिकेत न्यूमन डार्बीने १९६४ साली अशी एक फळी केली. कॅलिफोर्नियात ड्रेक आणि श्वाइट्झर यांनी १९६८ साली पेटंटासाठी अर्ज केला आणि १९७० साली ते मिळालंही. पुढे इंग्लंडच्या कोर्टात पीटर चिल्व्हर्स पुढे आला. १९५८ साली, वयाच्या बाराव्या वर्षीच, आपण असली फळी चालवल्याचं त्याने सांगितलं आणि १९८५ साली तिथलं पेटंट रद्द ठरलं. त्या वयात आम्ही कागदाच्या होड्या बुडवत होतो. दरम्यान १९८४ साली हा खेळ ऑलिंपिकमध्येही जाऊन बसला होता.

भाच्याने लेंग्यात नाडी ओवावी तशी शिडाच्या कडेत डोलकाठी ओवली आणि खालचा दोर ओढायला लागला.

"मामा, वारा मंद असला की दोर जरा सैल ठेवायचे. शिडाला पोट सुटतं आणि ओढ मिळते."

पोट सुटल्याचा असा फायदा प्रथमच ऐकला.

"आणि वारा वाढला की?"

"खालचा दोर कचकचून ताणायचा. पोट सपाट होतं आणि वरची मागची कड सैल पडते. मग झोत वरून निसटून जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो ना!"

खाली ताण, वर ढील! आमच्या घरचा कारभार गेली तीस वर्षं याच तत्त्वावर चालला आहे. आंग्र्यांच्या गलबतांना तर वल्हीही असत. वारा पडला म्हणून कोणी खोळंबत नसे.

गुडघाभर पाण्यात फळीवर 'नुसतं उभं राहा' म्हणाला, म्हणून राहिलो. तेवढ्यात घाटाकडून झोत आला. दोर अजून सैलच होते. पोट सुटलेलं शीड आणि पोट सुटलेला मी, दोघेही आडवे झालो.

नाकातोंडातलं पाणी काढत काठावर बसलो, तेव्हा ते पाणी जरा निरखून पाहिलं. याच्याखाली भाताची खाचरं होती, देवळं होती, उंबरठे होते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण व्हायचं ठरलं आणि १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला. एडिंबराला शिकून आलेले पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले आणि इथेच 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुट्यांनी त्या लढ्याचा इतिहास लिहून ठेवला. १९२४ च्या सुमारास लढा विझला, धरण झालं आणि हे पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करू लागलं. मुंबईचे दिवे लागले. इथले चुलीसकट पाण्याखाली गेले.

वारा पाहून पाठ फिरवावी, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. मी जन्मभर तेच केलं. ऑफिसात तर फारच. त्या माणसांना सरकारचा वारा दिसत नव्हता थोडाच? तरी छातीवर घेतला. हरले, पण त्यांना कोणी वारा पाहून फिरणारे म्हणालं नाही.

"मामा, परत एकदा?" भाच्याने विचारलं.

पाठ फिरवायच्या बेतातच होतो. पण मग उठलो, स्वतःच्या हाताने खालचा दोर ताणला आणि उभा राहिलो. या खेपेला पडलो तो निदान तीन सेकंदांनी.

ओव्याची पुडी मात्र खिशातच राहिली होती. तिचा काढा तयार झाला.